केशवापुरातला सव्वानऊचा फॉल्ट

"शुक्रवारी अकरा वाजता," शिंत्रे अप्पा म्हणाले, "दोन बैल, एक बँड आणि ही गाडी. बैल पुढं, गाडी मागं. केशवापुरातनं निघणार आणि तुमच्या शोरूमच्या काचेसमोर येऊन थांबणार. बैल सांगून ठेवलेत मी."

मी म्हटलं, "अप्पा, गाडी चालती की. बैल कशाला?"

"गाडी चालती. स्क्रीन चालत नाही. नुसता स्क्रीन बैलांना ओढायला लावला तर बरं दिसत नाही, म्हणून गाडीसकट."

हे बोलणं सोमवारी सकाळी आमच्या वर्कशॉपच्या बे नंबर तीनमध्ये, म्हणजे गाडी उभी करायच्या तिसऱ्या खणात झालं. अप्पांचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान. पातेली, घागरी, कुकर आणि गिऱ्हाइकं यांच्या वरताण बोलायची तीस वर्षांची सवय. त्यामुळे ते हळू आवाजात बोलले तरी नवनगरच्या बसस्टॉपवरची माणसं माना वळवतात. त्या दिवशी तर ते हळू बोलतही नव्हते. वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक हातातले पाने खाली ठेवून ऐकत होते. लिफ्टवर चढवलेली एक गाडीसुद्धा मला जरा वाकल्यासारखी वाटली.

आता मी कोण ते सांगतो. हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका गाड्यांच्या डीलरकडे मी नोकरीला आहे. कार्डावर 'इन्फोटेनमेंट स्पेशालिस्ट' असं छापलंय. आमच्या विद्यानगरच्या चाळीस घरांत ते कुणालाच नीट म्हणता येत नाही, त्यामुळे मला मान फार. पूर्वी मी गाड्यांचे कॅसेट प्लेअर दुरुस्त करायचो. हल्ली गाडीत टेप नसतो, स्क्रीन असतो. तो दिसायला हुशार असतो, पण त्याच्या डोक्यात फारसं काही नसतं. नकाशा, गाणी, फोन नंबर, सगळं तुमच्या मोबाइलमध्ये. स्क्रीन ते उसनं घेऊन मोठं करून दाखवतो. आरसा म्हणा. ह्या उसनवारीला आम्ही प्रोजेक्शन म्हणतो. नव्या गाड्यांत ते वायरशिवाय होतं. गाडी चालू केली की स्क्रीन आधी ब्लूटूथवर हाका मारतो, ओळखीचा फोन 'ओ' देतो, मग दोघं वायफायवर जोडले जातात आणि नकाशा समोर येतो. सगळा खेळ दहा सेकंदांचा.

अप्पांच्या गाडीत ह्या खेळाला दृष्ट लागली होती. रोज सकाळी सव्वानऊला ते घरातून निघायचे. स्क्रीनवर नकाशा यायचा. गाडी फाटकाबाहेर पडून चारपाच घरं पुढं गेली की स्क्रीनवर पाटी यायची, 'फोनचा संपर्क तुटला'. त्यानंतर बाजार येईपर्यंत फोन जोडला जायचाच नाही. संध्याकाळी दुकानातून घरी येताना मात्र सगळं झकास.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षं ज्या रस्त्यानं दुकानात जातात त्याला नकाशा कशाला? मीही हेच विचारलं. अप्पा बॉनेटला टेकून अगदी मनातलं बोलले.

"पवार अण्णा, त्या नकाशात एक बाई बोलती. डावीकडं वळा म्हणती. मी उजवीकडं जातो. तरी ती चिडत नाही. परत नवा रस्ता सांगती. मी तोही घेत नाही. तरी आवाज चढवत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे सुख मला पहिल्यांदा मिळालंय. आणि ते तुम्ही फक्त संध्याकाळी द्यायलाय."

माणसाचं दुःख खरं होतं. पण माझंही होतं. त्याच शुक्रवारी, त्याच अकरा वाजता आमच्याकडे नव्या मॉडेलचं लाँचिंग होतं. पाहुणे, फोटोग्राफर, रेशमी पडद्याखाली झाकलेली गाडी, सगळी जय्यत तयारी. आमचे वर्क्स मॅनेजर हिरेमठ सर केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या कानाशी लागले.

"येन्री पवार, एत्तु बर्तावंत?" बैल येणार म्हणतात, खरं काय, एवढाच प्रश्न. पण विचारला असा, जसे काही बैल मीच सांगून ठेवलेत.

"येत नाहीत सर. त्याआधी फॉल्ट काढतो."

"काढा. बैल आले तर तुम्ही बळ्ळारी ब्रँचला. सोमवारपासून."

बळ्ळारीला आमचं एक छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचं छप्पर. तिथं उन्हाळ्यात स्क्रीनवरच्या नकाशातले रस्तेसुद्धा सावली बघून वळतात असं तिथला माणूस मला फोनवर सांगायचा, आणि तो माणूस खोटं बोलणारा नव्हे. म्हणजे हिशेब सरळ होता. फॉल्ट सापडला तर विद्यानगर, नाही सापडला तर बळ्ळारी.

मंडळी, ही गाडी आमच्याकडे काही पहिल्यांदा आली नव्हती. तिसरी खेप. पहिल्या खेपेला मी सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुसऱ्या खेपेला अँटेना बदलली. तिसऱ्या खेपेला, म्हणजे ह्या सोमवारी, अख्खं हेड युनिट बदललं. हेड युनिट म्हणजे स्क्रीन आणि त्याच्या मागचा डबा. प्रत्येक वेळी अप्पांना शेजारी बसवून त्यांच्याच फोननं टेस्ट घेतली. धारवाडपर्यंत जाऊन आलो. नकाशा एकदासुद्धा हलला नाही. इतका घट्ट बसला की तो काढायला स्क्रूड्रायव्हर लागेल असं वाटलं. आणि प्रत्येक वेळी गाडी घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजायचा.

"पवार अण्णा, गेली."

"कोण गेली?"

"बाई."

वर्कशॉपमध्ये प्रत्येकाची एक थिअरी होती. एक म्हणाला, केशवापुरात मोबाइलचा टॉवर जवळ आहे. दुसरा म्हणाला, शेजारच्यांचा इन्व्हर्टर. तिसऱ्यानं सकाळच्या गारव्यावर बोट ठेवलं, तेव्हा हुबळीत अंडी फुटपाथवर शिजतील असं ऊन होतं. हिरेमठ सर इंजिनीअर माणूस, सुवर्णपदकवाले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढच्या बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे एकदा सोडून बघू." सोडलं. काही फरक पडला नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं परत बांधलं, आणि जास्त घट्ट बांधलं.

माझीही एक चूक सांगून टाकतो. गाडी प्रत्येक वेळी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या फोनच्या यादीत एकच नाव दोनदा दिसायचं. फोनचं मॉडेल, मॉडेलचा तोच नंबर, तेच अक्षर. मी म्हटलं, एकच फोन चुकून दोनदा नोंदला गेलाय, होतं असं. आणि आमचा नियम आहे, गाडी परत देताना यादी कोरी करायची, म्हणजे कुणाचे नंबर कुणाच्या हाती राहायला नकोत. मी यादी कोरी करायचो आणि सांगायचो, "अप्पा, घरी जाऊन फोन जोडून घ्या." ते मान डोलवायचे. ते घरी जाऊन नेमकं काय करायचे हे मी कधी विचारलं नाही. स्पेशालिस्ट माणूस असले प्रश्न विचारत नाही.

गाडी मंगळवारी संध्याकाळी घरी गेली. बुधवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन आला. नव्या हेड युनिटमधूनसुद्धा बाई गेली होती. "बैलांच्या शिंगांना रंग लावायला सांगितलंय," अप्पा म्हणाले. "तुम्हाला कुठला आवडतो?"

गुरुवारी सकाळी नऊला मी केशवापुरात त्यांच्या फाटकात हजर. गाडी घरी जाऊन बघायची असं आमच्या मॅन्युअलमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. पण मॅन्युअल लिहिणाऱ्याला कुणी बळ्ळारीला पाठवत नव्हतं.

अक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, दारातच भेटल्या. "या की. बसा. उप्पीट टाकते." मी नको म्हणेपर्यंत त्या आत स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. मी आणि अप्पा गाडीत बसलो. सव्वानऊ वाजले. अप्पांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. नकाशा आला. फाटकातून बाहेर. पहिलं घर, दुसरं, पाचवं, कोपरा. नकाशा जागचा हलला नाही. बाई मंजुळ आवाजात म्हणाली, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.

अप्पांनी करकचून ब्रेक दाबला. "ही तुम्हाला घाबरती. तुम्ही दिसलात की शहाणी होती. मी उद्या बैलांबरोबर तुम्हालाही बसवतो, म्हणजे वाटेत तरी चालेल."

दुखणाऱ्या दाढेनं डॉक्टरसमोर दुखायचं थांबवावं, तसला प्रकार. परत आलो, उप्पीट खाल्लं, चहा घेतला. उप्पीट असं होतं की दहा मिनिटं मी बळ्ळारी विसरलो. मग म्हटलं, अप्पा, अजून एकदा.

पुन्हा गाडीत बसलो. ह्या वेळी अक्का निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या. पदर खोचलेला, एका हातात मोबाइल, नजर निम्मी मोबाइलमध्ये, निम्मी आमच्याकडे. अप्पांनी बटण दाबलं. नकाशा आला. गाडी बाहेर पडली. मी आरशात पाहिलं, अक्का तिथंच उभ्या. पहिलं घर. दुसरं. चौथ्या घराच्या जास्वंदीपाशी स्क्रीन काळा. 'फोनचा संपर्क तुटला.'

"बघितलंत?" अप्पा इतक्या आनंदानं म्हणाले, जसा काही आपला मुलगा पहिला आलाय. "बघितलंत ना? आता तरी?"

"अप्पा, गाडी मागं घ्या."

"का?"

"घ्या तर."

रिव्हर्समध्ये फाटकापर्यंत आलो. अक्का अजून तिथंच, मोबाइल कानाशी हलवत. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्ही फोनवाले ना? हा माझा बघा की जरा. रोज ह्याच वेळी मुका होतोय."

मी काच पार खाली केली. "रोज म्हणजे किती वाजता, अक्का?"

"हे गाडी सुरू करतात तेव्हा. मी रेसिपी ऐकत उभी असते. चित्र दिसतं, बाईचं तोंड हलतं, आवाज नाही. हे कोपऱ्यापर्यंत गेले की परत बोलायला लागतो. दोनदा दुकानात दाखवला. तिथं चांगला बोलतो."

आता इथं गाडीतली एक गोष्ट सांगायला पाहिजे. स्क्रीनवर आवाज दोन असतात. नकाशातल्या बाईचा वेगळा, गाण्यांचा वेगळा. अप्पांना गाडीत गाणं चालत नाही, इंजिन ऐकू आलं पाहिजे म्हणतात. म्हणून गाण्यांचा आवाज त्यांनी गाडी घेतल्या दिवशीच शून्यावर नेऊन ठेवला होता.

मी म्हटलं, "अप्पा, गाडी बंद करा. परत चालू करा. अक्का, तुम्ही तुमची रेसिपी लावा."

गाडी चालू झाली. नकाशा आला. मी आवाजाचं बटण धरलं आणि शून्यावरून पार वरपर्यंत फिरवलं.

"आता गूळ बारीक किसून घ्या," गाडी म्हणाली.

सहा स्पीकर. पुढचे दोन, मागचे दोन आणि दारांतले दोन. आवाज असा घुमला की समोरच्या घरातल्या बाई गूळ घ्यायला आत गेल्या असाव्यात. अप्पा सीटवरून वीतभर उडाले.

"ही कोण? ही आपली बाई नव्हे."

"ही अक्कांची बाई, अप्पा. तुमची गाडी तुमच्या फोनला जोडलेलीच नाही. ती अक्कांच्या फोनला जोडलीय."

मग सगळं उलगडत गेलं. बेंगळूरच्या मुलानं आईवडिलांना एकाच दिवशी एकाच मॉडेलचे दोन फोन दिले होते, रंगही एकच. म्हणून यादीत एकच नाव दोनदा. स्क्रीन कुणाचा फोन धरलाय हे सांगत नाही, नकाशा दोघांचाही सारखाच दिसतो. आणि आमच्या युनिटचं सॉफ्टवेअर मोठं निष्ठावंत. यादीत जो फोन पहिला त्याला आधी हाक. तो सुटला, तर परत येईल म्हणून गाडी बंद होईपर्यंत त्याचीच वाट बघत बसायचं, शेजारच्या सीटवर दुसरा फोन कितीही ओरडला तरी बघायचं नाही. सकाळी अक्का फाटकात उभ्या, म्हणून त्यांचा फोन लागायचा आणि चार घरं गेल्यावर तुटायचा. संध्याकाळी दुकानाजवळ अक्का नाहीत, म्हणून अप्पांचा लागायचा. आज पहिल्या खेपेला अक्का आणि त्यांचा फोन पार मागं, स्वयंपाकघरात उप्पिटाजवळ.

"पण अप्पा, मी तीनदा यादी कोरी केली. तिन्ही वेळा अक्कांचा फोन पहिला कसा?"

अप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी भर बाजारात चप्पल हातात धरून फिरतोय. "मग कुणाचा असणार? दुकानात दिवसाची पहिली विक्री झाली की आम्ही ती डोळ्याला लावून मग गल्ल्यात टाकतो. बोहनी ती बोहनी. गाडी घरी आली. हिनं ओवाळली, कुंकू लावलं, मग पहिला फोन हिचा जोडला. दुसरा माझा. तुमच्याकडनं तीनदा आली, तीनदा ओवाळली. घरच्या लक्ष्मीच्या आधी माझा फोन कसा लावू?"

"हे मला सांगायचं नाही?"

"तुम्ही फोनचं मॉडेल विचारलंत, सॉफ्टवेअर विचारलंत. कुंकू कुणाच्या हाताचं ते कधी विचारलंत?"

मी म्हटलं, आता सोपं आहे, अक्कांचं नाव यादीतून पुसतो.

"पुसायचं नाही," अप्पा म्हणाले.

"पुसा," अक्का म्हणाल्या. "माझ्या रेसिपीत रोज गूळ किती ते राहतंय. काल पुरणाच्या होळिगे गोडमिट्ट झाल्या त्या ह्यांच्या गाडीमुळं."

"मी गप्प खाल्ल्या की त्या."

"गप्प कुठं? तीनदा पाणी मागितलंत."

"लक्ष्मीचं नाव पुसून मी गाडी चालवणार नाही. बैलच बरे."

बैल शब्द आला आणि मला बळ्ळारीचे पत्रे दिसायला लागले. फॉल्ट हातात सापडला होता आणि दुरुस्त करू देत नव्हते. मी पायरीवर बसलो आणि अक्कांच्या फोनची सेटिंग्ज उघडली. एकेक पान उलटत गेलो. शेवटी सापडलं. गाडीनं हाक मारली तरी आपणहून उठून जायचं नाही, असं फोनला सांगून ठेवायची एक खूण तिथं असते. नाव पहिलंच राहतं, फक्त फोन जागचा हलत नाही. ती खूण केली आणि दोघांना समजावून सांगितलं.

अक्कांनी नीट ऐकलं. "म्हणजे मान माझा आणि काम ह्यांच्या फोनचं."

"अगदी तसंच."

"चालेल. घरात उलटं आहे. गाडीत तरी होऊ दे."

मग पाच वेळा गाडी बंद-चालू केली. अक्का पाचही वेळा फाटकात उभ्या. रेसिपी त्यांच्या हातात बोलत होती, नकाशा आमच्या समोर बोलत होता. बाई म्हणाली डावीकडे वळा. अप्पा अत्यंत समाधानानं उजवीकडे वळले. बाई चिडली नाही.

मी हिरेमठ सरांना फोन केला. "सर, फॉल्ट मिळाला. गाडी ओके."

"आणि बैल?"

"कॅन्सल झाले असतील सर," मी म्हटलं. खरं म्हणजे हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोन ठेवून अप्पांकडे वळलो.

"कॅन्सल कसे होतील?" अप्पा म्हणाले. "मी शब्द दिलाय. शिंगं रंगवून झालीत. बँडवाल्यांनी दुसरी सुपारी सोडलीय."

मी हात जोडले. बळ्ळारीचं वर्णन केलं. पत्रे, ऊन, सावली शोधणारे रस्ते, सगळं. अप्पा हसले. "पवार अण्णा, तुम्हाला बळ्ळारीला पाठवून माझी गाडी कोण बघणार? बैल येणार. पण ओढणार नाहीत."

शुक्रवारी अकराला नव्या मॉडेलवरचा रेशमी पडदा निम्मा वर गेला होता, तेवढ्यात रस्त्यावर बँड वाजला. पाहुण्यांनी माना वळवल्या, मग खुर्च्या वळवल्या. पुढं दोन पांढरे बैल, शिंगं एक निळं, एक गुलाबी, गळ्यात घुंगरमाळा. हत्तीएवढे होते. लहान हत्ती म्हणा. मागं अप्पांची गाडी, दोरी नाही, काही नाही, स्वतःच्या इंजिनावर. मागच्या सीटवर अक्का. काचा खाली आणि, त्या दिवसापुरता, गाण्यांचा आवाज पार वर. गाडीच्या नाकावर कापडी फलक होता. मूळ मजकूर काय होता कुणास ठाऊक, अप्पांनी कापड उलटं करून मागच्या बाजूला लिहून घेतलं होतं, 'स्क्रीन सुधारला. कळावे.'

हिरेमठ सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी, मग निळा, शिंगांच्या रंगांशी अगदी जुळता. "येन्री इदु?" हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कस्टमर सॅटिस्फॅक्शन, सर."

पाहुण्यांना वाटलं, हा लाँचिंगचाच भाग. टाळ्या पडल्या. फोटोग्राफर नव्या गाडीला सोडून बैलांकडे धावले. एका पाहुण्यानं येऊन हिरेमठ सरांचा हात हातात घेतला आणि अशी कल्पक जाहिरात आपण बेंगळुरातसुद्धा पाहिली नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "टीमवर्क." नव्या मॉडेलवरचा पडदा दुपारपर्यंत निम्माच वर होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बदलीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

सोमवारी मी हेड ऑफिसला रीतसर रिपोर्ट पाठवला. पहिला फोन सुटल्यावर युनिटनं दुसऱ्याकडे वळावं, सॉफ्टवेअरमध्ये तेवढा बदल करा, असं सविस्तर लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. तपासणी केली असता उत्पादनात दोष आढळला नाही. ग्राहकाच्या पत्नीने गाडी निघतेवेळी फाटकात उभे राहू नये, असे ग्राहकास कळवावे.

हे कळवायला मी काही केशवापुरात गेलो नाही. जीव सगळ्यांना प्यारा असतो. त्याऐवजी आमच्या जॉब कार्डात 'तक्रार' ह्या रकान्याखाली पेनानं एक नवी ओळ वाढवली, ती आता आमच्याकडे छापूनच येते. गाडी कोण चालवतो, कोण बसतो हे पूर्वीपासून विचारत होतोच. आता हेही विचारतो, की गाडी निघताना बाहेर कोण उभं असतं आणि त्यांच्या हातात काय असतं. निम्मे फॉल्ट तिथंच मिळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हेड युनिट उघडावं लागतं.